न दिलेला पिळा

कुत्री भुंकत असली की वेणूताईंना स्वस्थ वाटे.

खानापूरच्या पठारावरच्या त्या शोधश्वान केंद्रात नवीन आलेल्या माणसाला सकाळचा गलका सोसायचा नाही. एकीकडे पवनचक्क्यांची घरघर, आणि जाळीच्या खोल्यांतून उठलेला सगळ्या कुत्र्यांचा कल्लोळ. माणूस कानात बोटं घालायचा. वेणूताई मात्र तो गोंगाट ऐकतच अंघोळ उरकायच्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळून देवापुढे बसायच्या आणि आवाजावरून ओळखायच्या, कोणाचं पोट बिघडलंय, कोणाला बाहेर सुटायची घाई झालीय आणि मैना आज कुठल्या तालात आहे.

म्हणून त्या दिवशी त्यांनी कापूर पेटवला आणि बाहेरचं भुंकणं एकदम थांबलं, तेव्हा त्यांचा हात आरतीच्या ताटावरच अडखळला.

ते हळूहळू कमी होत थांबलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडावर एकाच वेळी कुणी तरी हात ठेवावा, तसं.

"अगं, इकडे ये आधी!" भालचंद्रराव खिडकीतून कुजबुजले. पोलिसांच्या श्वानपथकात उभा जन्म काढलेला माणूस, कुजबुजला तरी पलीकडच्या वाडीत ऐकू जायचं. "तुझ्या आरतीला मंडळी जमलीत बघ!"

वेणूताईंनी आरती पुरी केली. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात त्यांनी नेम धरला होता, उजाडताना कापूरआरती झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. चातुर्मास संपला, नेम सोडायचा राहून गेला, तो राहिलाच. विझत आलेल्या ज्योतीवर त्यांनी दोन्ही तळवे धरले, चेहऱ्यावरून फिरवले, तांब्यातलं पाणी प्यायल्या आणि मग खिडकीशी आल्या.

सगळी कुत्री जाळीला लागून उभी होती. सगळ्यांची तोंडं देवघराच्या खिडकीकडे. एकही शेपूट हलत नव्हतं.

"बघ, बघ! माणसांना जमत नाही इतकी एकाग्रता," भालचंद्रराव मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होते. "आता गावात दाखवतो. वेणूबाईंची शिष्यमंडळी."

"अहो, नका काढू."

"का गं? भक्ती दिसते आहे मुक्या जिवांची."

वेणूताईंनी मैनेकडे पाहिलं. कान पुढे, मान खाली, मागचे पाय किंचित वाकलेले, अंगातला भार सगळा मागे. ही उभं राहण्याची पद्धत त्यांनीच तर वर्षानुवर्षं पाहिली होती, त्यांनीच वाढवली होती. खिशातून खेळायचा पिळा बाहेर येण्याच्या आधी कुत्रं असं उभं राहतं. त्यात भक्ती नसते. सावज दिसलेलं असतं.

*

पिळे करणं हे वेणूताईंचं केंद्रातलं मुख्य काम. जुनी सुती लुगडी फाडायची, पट्ट्या ओल्या करून एकमेकींत घट्ट पिळायच्या, दोन्ही टोकांना गाठी मारायच्या, उन्हात वाळवायच्या. बाजारात मिळणारी रबरी खेळणी ही कुत्री आठवड्यात कुरतडून टाकत. मॅलिनॉइज जातीची, परदेशात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांमागे पळालेली कुत्री. त्यांच्या अंगात जी ओढ असते ती घरात पाळायच्या कुत्र्यात नसते. मैना पिल्लू असताना कुणालाच नको होती. दिवसभर गरगर फिरायची, सावल्यांवर झडप घालायची. वेणूताईंनी तिला पदरात घेतली आणि पिळा दाखवला.

दाखवायचा म्हणजे तोंडाशी न्यायचा नाही. ससा काही आपणहून तोंडात येत नाही. पिळा कुत्र्यापासून दूर पळाला पाहिजे, वळणावर दचकला पाहिजे, गवतात लपला पाहिजे. तो जिवंत वाटला की कुत्रं झेपावतं. पकडल्यावर दोघांनी ओढाओढ करायची आणि शेवटी, हे महत्त्वाचं, शेवटी माणसानं हरायचं. मग कुत्रं तो पिळा झिंजाडून "मारतं," ऐटीत तोंडात धरून मैदानाला एक फेरी घालतं आणि शांत होतं. परत हवा असेल तर पिळ्याची आपली बाजू घट्ट, निर्जीव धरून ठेवायची. हलत नाही त्यात कुत्र्याला रस उरत नाही. तेव्हा हळूच म्हणायचं, "सोड."

हे एकदा जमलं की पुढचं सोपं. स्फोटकाचा अंश लावलेला कापूस डबीत घालून लपवायचा, आणि तो कुत्र्यानं हुंगून शोधला की पिळा द्यायचा. कुत्र्याला स्फोटकाशी काय देणंघेणं! त्याला वाटतं, हा वास म्हणजे माझा पिळा.

मग डॉक्टर रेवती इनामदार आल्या आणि पिळे पेटीत गेले.

रेवती वयानं लहान, हुशार आणि मनानं सरळ. तिनं केलेली चकती कपाळावर लावायच्या टिकलीएवढीच होती, म्हणून केंद्रात सगळे त्या चकतीला टिकलीच म्हणत. कुत्र्याच्या दोन कानांच्या मध्ये, कातडीखाली ती बसवायची.

"मेंदूच्या तळाशी पेशींचा एक पुंजका आहे, ताई," रेवतीनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "आपल्याला वाटतं, पिळा मिळाला की तो खूश होतो. तसं नाही. पिळा *मिळणार* असं कळतं ना, तेव्हा तो पेटतो. मिळाल्यावर उलट विझतो. ही टिकली कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लाटा त्या पुंजक्यावर सोडते. कुत्र्यानं डबी शोधली की लाट. बस. गर्दीत खेळणी काढायला नको, ओढाओढ नको, आणि कुत्रं कधी थकतही नाही."

"मग मैनेला मिळतं काय?"

"मिळत काही नाही. आता मिळेल, आता मिळेल, असं वाटत राहतं."

वेणूताईंनी हातातल्या अर्धवट पिळ्याची गाठ सोडवली आणि पुन्हा मारली. "बिचारी," एवढंच म्हणाल्या.

पण टिकलीनं काम चोख केलं, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. कुत्री उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत दमत नव्हती. फक्त कामावरून आल्यावर गाढ झोपत नव्हती. डोळे मिटत, पण कान उभेच.

*

व्हिडिओ पाहून रेवती हसली नाही. ती सरळ वेणूताईंच्या ओसरीवर येऊन बसली.

"ताई, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. गरज वाटली नाही. तो पेटण्याचा क्षण एका जागी राहत नाही. मागे सरकतो. मैना पिल्लू होती तेव्हा पिळा दिसला की पेटायची. मग तुमचा हात खिशाकडे गेला की. मग डबीचा वास आला की. मेंदू सारखा विचारत असतो, याच्याही आधी काय झालं होतं? जी सगळ्यात पहिली खूण सापडेल तिथे जाऊन बसतो. पिळा प्रत्यक्ष मिळत होता तोवर साखळी पुरी व्हायची आणि हे सरकणं थांबायचं. आता ते थांबवणारं काही नाही."

"म्हणजे कुठे जाऊन बसलाय तो?"

"तेच बघायचंय. आज डब्या मी लावते. तुम्ही हात लावू नका."

आजवर एकेक डबी वेणूताईंनीच पुसून, भरून, लपवून ठेवली होती. त्या कामात त्यांचा हात स्वच्छ म्हणून नावाजलेला. त्या दिवशी पहिल्यांदाच रेवतीनं स्वतःच्या हातानं स्फोटकाचा कापूस भरला आणि विटांच्या ढिगामागे ठेवला. एकापाठोपाठ एक कुत्रं सोडलं. एकेक कुत्रं त्या ढिगावरून असं गेलं, जसं तिथे काही नाहीच. आणि मैदानाच्या टोकाला, कुंपणाशी, काल वेणूताईंनी धुऊन वाळत घातलेली एक रिकामी डबी होती. प्रत्येक कुत्रं तिच्यापुढे जाऊन थिजलं.

रेवतीनं ती डबी उचलली, नाकाशी धरली. मग तिनं वेणूताईंचा हात धरून हुंगला.

"ताई, हाताला काय लावता तुम्ही?"

"काही नाही गं. साबण लावते, तोही बिनवासाचा."

"कापराचा वास येतोय."

"छे! कापराला कुठे वास असतो?" वेणूताई असं म्हणून गेल्या आणि मग त्यांनी स्वतःच आपला हात हुंगून पाहिला. कळायला लागल्यापासून आधी आईच्या आणि मग स्वतःच्या देवघरात त्या कापरातच वावरल्या होत्या. तो वास असा त्यांना कधी आलाच नव्हता. हातमोजे घालून काम करत होत्या, पण हातमोजे चढवायचे तरी हातानंच. लुगडी ठेवायच्या कपाटात कापराच्या वड्या. पिळ्यात कापूर, डबीत कापूर, कापसाच्या चिमटीत कापूर. आणि रोज सकाळी, सगळ्याच्याही आधी, खिडकीतून कापूर.

"म्हणजे इतके दिवस ती स्फोटकं शोधतच नव्हती," रेवती हळू म्हणाली. "ती तुमची आरती शोधत होती."

त्या दोघींच्या मनात एकदमच आलं आणि दोघी एकदमच उठल्या. पायथ्याच्या गावच्या भैरोबाची जत्रा जवळ आली होती. बंदोबस्ताची रंगीत तालीम म्हणून त्याच सकाळी भालचंद्रराव मैनेला देवळात घेऊन गेले होते. आणि दुपारी बारा वाजता भैरोबाची कापूरआरती.

घाटाच्या वळणांवर रेवती गाडी चालवत होती. वेणूताई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. केंद्राचा करार त्यांना पाठ होता. माणसाला दात लावलेलं कुत्रं जिवंत ठेवायचं नाही. सुई.

"हे फोन का उचलत नाहीत?"

"देवळात बंद ठेवला असेल, ताई."

"त्यांनी? जन्मात ठेवला नाही, तो आजच बरा ठेवला!"

*

आरती सुरू झालेली होती. नगारा वाजत होता. गाभाऱ्यासमोर म्हातारे गुरवमामा पेटलेल्या कापराचं ताट ओवाळत होते आणि उंबऱ्याबाहेर, भालचंद्ररावांच्या हातात साखळी असून नसल्यासारखी, मैना उभी होती. माणसं देवाकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहत होती. कुणी तरी तिलाही हात जोडले.

ज्योत डावीकडे गेली की मैनेची मान डावीकडे. उजवीकडे गेली की उजवीकडे. ज्योत दूर पळत होती, वळणावर दचकत होती. अगदी जिवंत सावजासारखी.

"अहो, धरा तिला!" वेणूताई ओरडल्या. नगाऱ्यात ते विरलं.

मैना भुंकली नाही, गुरगुरली नाही. एका झेपेत उंबरा ओलांडून तिनं गुरवमामांचं मनगट तोंडात धरलं. ताट खणखणत खाली पडलं. बायका किंचाळल्या, कुणी काठी आणायला धावलं, दोघातिघांनी मामांना मागे खेचायला सुरुवात केली, आणि खेचलं तशी मैनेची पकड घट्ट झाली.

"ओढू नका!" वेणूताई गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या. "कुणी ओढू नका! मामा, हात सैल सोडा. मेल्यासारखा सोडा."

"आवं, मेल्यावानी कसा सोडू? अजून जित्ता हाय की मी!"

"तेवढा हातच, मामा. हलला नाही की ती सोडेल. माझ्याकडे बघा. हं."

गुरवमामांनी डोळे मिटले. हात ढिला पडला. मैनेच्या डोळ्यांत क्षणभर गोंधळ उमटला. त्याच क्षणी वेणूताईंनी खांद्यावरचा पदर उतरवून दोन्ही हातांनी पिळला आणि फरशीवरून सरपटत, वळणावर दचकवत, तिच्यापासून दूर नेला.

मैनेनं मनगट सोडलं आणि पदरावर झेप घेतली. वेणूताई भर देवळात, चारचौघांत, गुडघ्यांवर बसून कुत्र्याशी ओढाओढ करत होत्या. मग त्या हरल्या. पदर टर्रकन फाटला. मैनेनं तो तुकडा झिंजाडला, मान उंच करून सभामंडपाला एक फेरी घातली आणि खांबाशी जाऊन पडली. तिचे कान, कितीतरी दिवसांनी, सैल झाले. आणि ती घोरायला लागली.

गुरवमामांच्या मनगटावर दातांचे ठसे होते, रक्ताचं एक टिपूस. "चावली न्हाई ओ," ते स्वतःच लोकांना सांगायला लागले. "धरलं निस्तं. देवाचं कुत्रंच ते, भैरोबाचं." पण दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरून ठेवलेलं होतं.

भालचंद्रराव रिकामी साखळी हातात घेऊन उभे होते. वेणूताईंच्या खांद्यावर त्यांनी आपला टॉवेल टाकला आणि म्हणाले, "वेणू, माझ्या हातातून आजवर एकही जनावर सुटलं नाही गं." गाडीत बसल्यावर त्यांनी व्हिडिओ पुसून टाकला.

परतताना रेवतीनं मैनेच्या टिकलीची नोंद पडद्यावर पाहिली.

"टिकलीनं चावा नोंदवलाच नाही, ताई," ती चाचरत म्हणाली. "तिनं नोंदवलंय, 'सापडलं'."

*

रेवतीनं त्याच दिवशी सगळ्यांच्या टिकल्यांतल्या लाटा बंद केल्या. आता टिकल्या मेंदूतली ओढ फक्त मोजायच्या. पेटीतले पिळे बाहेर आले. जी कुत्री वयानं लहान होती ती चार दिवसांत पहिल्यासारखी झाली. पण मैना हट्टी. पिळा घ्यायची, झिंजाडायची, आणि उजाडलं की पुन्हा खिडकीकडे तोंड करून थिजायची. आणि ती थिजली की तिच्या मागोमाग बाकीचीही.

गुरवमामांनी तक्रार केली नव्हती. तरी करार होता. रेवतीनं वरच्या लोकांशी भांडून मैनेसाठी एकादशीपर्यंतची मुदत मिळवली. एकादशीला, आरतीच्या वेळी, मैनेच्या मेंदूतली ती ओढ खाली आलेली दिसली पाहिजे. नाही तर सुई.

"ताई, तोवर कापूर..." रेवतीला पुढे बोलवेना.

"कळलं गं. तुला कशाला जड जातंय? देवाला काय कापराचं व्यसन आहे?" वेणूताई हसल्या. त्यांनी देवघरातला कापराचा डबा शेजारणीला दिला, कपाट धुऊन काढलं, लुगडी उन्हात टाकली, हात राखेनं घासले. निरांजनही लावायचं नाही असं ठरवलं. खिडकी बंद केली. त्यांच्या आजीच्या वेळेपासून मानसपूजेची वाट मोकळी होतीच. डोळे मिटून बसायचं, मनातच देवाला स्नान घालायचं, मनातच गंध उगाळायचं, फुलं वाहायची आणि मनातच कापूर पेटवायचा. नेम मोडत नाही. पाणी पिता येतं.

पहिल्या दिवशी त्या अशा बसल्या. बाहेर नेहमीचा कल्लोळ चालला होता. त्यांनी मनात देवाला न्हाऊ घातलं, पुसलं, जास्वंद वाहिली. भुंकणं चालूच. किती बरं वाटलं त्यांना! मग मनातच त्यांनी कापराची वडी ताटात ठेवली आणि काडी ओढली.

बाहेर एकदम शांत.

वेणूताईंना डोळे उघडायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळ बदलली. तिसऱ्या दिवशी क्रम बदलला, आरती आधी आणि स्नान नंतर. कधी मुद्दाम बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मनात काडी ओढेपर्यंत बाहेर गोंगाट, ओढली की स्मशानशांतता. ओठ हलत नव्हते, बोट हलत नव्हतं.

"तुमचा घाम बदलत असेल," रेवती म्हणाली. "श्वास बदलत असेल. माणसाचं मन शांत झालं की अंगाचा वास बदलतो, आपल्याला कळत नाही, त्यांना कळतो. ती खूण आणखी मागे सरकली आहे, इतकंच. कापराच्या मागे हात, हाताच्या मागे तुम्ही, तुमच्या मागे..."

"माझ्या मागे काय?"

रेवती पवनचक्क्यांकडे पाहत होती. पवनचक्क्या नेहमी वाऱ्याकडे तोंड करून फिरतात. आणि आता त्या सगळ्या चक्क्या कुत्र्यांच्या खोल्यांकडे तोंड करून फिरत होत्या. वारा कुत्र्यांकडून घराकडे येत होता. घरातला वास त्यांच्यापर्यंत जाण्याची सोय नव्हती.

"माहीत नाही, ताई," ती म्हणाली.

त्या रात्री जेवताना भालचंद्ररावांनी वेणूताईंचं ताट पाहिलं. भाकरी तशीच होती.

"वेणू, एक विचारू? तुला काय दिसतं गं तिथे, मनात काडी ओढल्यावर?"

"ज्योत दिसते."

"आणि ज्योतीच्या पलीकडे?"

"पलीकडे अजून कधी काही दिसलं नाही," वेणूताई म्हणाल्या. "दिसेल, दिसेल असं वाटत राहतं."

बोलल्या आणि त्यांचा घास हातातच राहिला. डोळ्यांपुढे मैना आली. जाळीला लागून, मान पुढे, कान उभे. आपणही तशाच, कितीतरी वर्षं. एवढी वर्षं कुणी पिळा दिला नाही तरी.

*

एकादशी उजाडली. रेवती पडदा घेऊन ओसरीवर बसली. मैनेला वेणूताईंनी आपल्याबरोबर देवघरात घेतलं होतं. त्यांनीच तसं मागितलं. भालचंद्रराव दाराशी साखळी घेऊन उभे राहायला निघाले, तर त्यांना म्हणाल्या, "नको. आज दार लोटून घ्या."

मैना पायाशी बसली. कान उभेच.

वेणूताईंनी डोळे मिटले. मनात देवाला स्नान घातलं. गंध लावलं. आज फुलं वाहताना त्यांना उशीर लागला. मग कापराचा डबा समोर आला, मनातलाच, पितळी, झाकणाला पोचा पडलेला. बाहेर कुत्री भुंकत होती. आता डबा उघडला की ती थिजणार, मैना थिजणार, आणि ओसरीवरचा आकडा वर जाणार.

इतकी वर्षं सावजामागे त्याही होत्याच की. सावज तसंच पुढे पुढे गेलं होतं. पिळ्याच्या दुसऱ्या टोकाला जे कुणी होतं ते अजून हरलं नव्हतं. त्याची तक्रार त्यांनी कधी केली नव्हती, आजही करायची नव्हती. पण या मुक्या जिवानं त्यांच्यापायी का मरावं?

डबा हातात घेऊन त्या बसल्या. आणि मग, मैनेला म्हणत तितक्याच हळू, स्वतःलाच म्हणाल्या, "सोड."

झाकण न उघडता त्यांनी डबा खाली ठेवला. आरती झाली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. म्हणजे आज पाणी नाही, उद्याही नाही. ते पुढचं पुढे. मनात काळोख होता आणि त्या काळोखात त्या नुसत्या बसून राहिल्या. काही वाटत नव्हतं. आता काही मिळेल, असंही वाटत नव्हतं.

बाहेर कुत्री भुंकतच होती. बराच वेळ.

मग एकदम ती थांबली.

वेणूताई दचकल्या. मी नाही, त्यांच्या मनात आलं. मी नाही पेटवला. त्यांनी डोळे उघडले.

मैना झोपली होती. आडवी पडून, पोट उघडं टाकून, पिल्लू असताना झोपायची तशी. झोपेत तिचे पाय धावत होते. एकदा डावीकडे वळली, एकदा उजवीकडे. कशामागे तरी पळत होती आणि ते दूर दूर जात होतं. मग तिचा जबडा मिटला. मान जोरात झटकली, एकदा, दोनदा. आणि तिचं सगळं अंग सैल झालं. शेपटीचं टोक फरशीवर हलकेच आपटलं.

"ताई!" ओसरीवरून रेवतीचा आवाज आला, रडवेला आणि हसरा. "ताई, आकडा खाली आला! पार तळाला! सुटली तुमची पोर! ऐकताय ना?"

वेणूताईंना कसला तरी वास येत होता. थंड, गोड, नाकात किंचित झोंबणारा. असला वास आपण कधी घेतला होता, त्यांना आठवेना. खिडकी बंद होती. निरांजन कोरडं होतं. घरात एक वडी ठेवली नव्हती. त्या इकडे तिकडे वळून पाहत राहिल्या, मग हळूहळू खाली वाकल्या.

वास झोपलेल्या मैनेच्या उघड्या तोंडातून येत होता. श्वासागणिक.

हा, असा असतो होय कापराचा वास!

त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले, त्या उबदार श्वासावर क्षणभर धरले आणि आपल्या चेहऱ्यावरून फिरवले. बाहेर पुन्हा भुंकणं सुरू झालं. मग त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला आणि घोटभर पाणी प्यायल्या.